दोनशे बारावा दिवस

मावशीने पंपाचा प्लग भिंतीतून उपसला, सलाइनची नळी दोन बोटांत चिमटून धरली आणि दुसऱ्या हाताचं मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"अहो, प्लग कशाला काढलात?" टेबलामागच्या लांडगे मॅडम दचकून म्हणाल्या.

"आमच्याकडे वीज जाते की," घड्याळावरची नजर न हलवता मावशी म्हणाली. "तुमचा पंप बॅटरीवर चालतो म्हणून लिहिलंय ना? मग चालू दे."

मी शेजारी उभा होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. भोसरीतल्या त्या चकचकीत प्रयोगशाळेत मुंबई-पुण्याचे पंधरा-वीस शेअरदलाल सुटाबुटात हिंडत होते आणि माझी मावशी, सुती पातळ, पायात रबरी तळाच्या पांढऱ्या चपला, कंपनीच्या सर्वांत महागड्या पंपाचा गळा आवळून उभी होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि पुण्यात गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या एका फर्ममध्ये कामाला होतो. कंपनी बघायची आणि तिचे शेअर घ्यावेत की नाही याची दोन पानी नोट लिहायची, एवढंच काम. आमची चारेकशे गिऱ्हाइकं ती नोट वाचून पैसे घालायची. स्रवंती ही कंपनी सलाइनचे पंप बनवायची. शिरेत औषध किती जातंय हे तो पंप थेंबावर प्रकाशाचा किरण टाकून मोजायचा आणि नळी कुठे तुंबलीच तर वीस सेकंदांत अलार्म वाजवायचा. इतका अचूक पंप इतक्या कमी किमतीत दुसरं कुणीच देत नव्हतं. तिचे शेअर पहिल्यांदाच बाजारात येत होते आणि तो अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. फॉर्म तीनच्या आत बँकेत पोचायला हवे होते. माझी नोट त्याच्याही आधी, दोनच्या आत.

मावशीच्या पिशवीत असे तीन फॉर्म होते, सह्या केलेले. एक तिचा, एक मार्था सिस्टरचा, एक मुमताज सिस्टरचा. तिघी मिरजेच्या एकाच हॉस्पिटलात पस्तीस वर्षं राबल्या. तिघींच्याही मागेपुढे कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर एकत्र तळमजल्याचं घर घ्यायचं आणि एकमेकींचं म्हातारपण काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. फंडाचे पैसे घराला जेमतेम पुरत होते. मीच त्यांच्या डोक्यात भरवलं, की दोन वर्षं थांबा, पैसे स्रवंतीत घाला, मोठं घर येईल, शिवाय हाताखाली एक बाई ठेवता येईल. बाकीच्या दोघी लगेच कबूल झाल्या. शकूमावशी मात्र म्हणाली, "मी पेशंट बघितल्याशिवाय सुई टोचलेली नाही कधी. तो कारखाना दाखव आधी." म्हणून ती आदल्या दिवशी येऊन माझ्याकडे राहिली होती. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिला नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

"वीस झाले असतील ना गं?" मी हळूच विचारलं.

"गप बस."

पंप शांत होता. त्याच्या पडद्यावर हिरवे आकडे खुशाल पळत होते, जणू औषध व्यवस्थित चाललंय. मी लांडगे मॅडमकडे पाहिलं. पस्तिशीच्या असतील. गळ्यात मंगळसूत्र आणि कंपनीचं ओळखपत्र एकमेकांत अडकलेलं. त्या नळीकडे बघत नव्हत्या, मावशीकडेही नाही. त्या काचेच्या भिंतीपलीकडे बघत होत्या. तिथे एक भलीमोठी पाटी होती, ‘तक्रारीविना दिवस’, आणि खाली हाताएवढे लाल आकडे: २१२.

मग त्यांचा हात टेबलावरून सरकत पंपामागे गेला. बारीकसा ‘कट्’ असा आवाज आला आणि अलार्म वाजायला लागला.

मावशीने नळी सोडली, पातळाला बोटं पुसली आणि घड्याळ मनगटावर मागे सरकवलं.

"वाजला ना? वाजणारच!" कंपनीचे मालक बिडवई लांबूनच हात पसरत आले. देखणा माणूस, केस पिकलेले, डोळ्यांत मुलासारखा उत्साह. या पंपासाठी त्यांनी परदेशातली नोकरी सोडली होती, घर गहाण टाकलं होतं. त्यांच्याबद्दल आजही मला वाईट म्हणवत नाही. "सिस्टर, पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेला माणूस म्हणजे आमची खरी परीक्षा. सांगा, काय हवंय अजून?"

"तुमच्याकडे चुकांची वही असते का?" मावशीने विचारलं.

"कसली वही?"

"आमच्या वॉर्डात होती. माझ्याच टेबलाच्या खणात. ज्या सिस्टरकडून चूक होईल तिने स्वतःच्या हाताने लिहायची. तारीख, काय झालं, कुणाला दिसलं, काय केलं. लिहिलंत तर मी ओरडणार नाही, उलट चहा करून देईन, असं सांगून ठेवलेलं. लपवलंत तर मात्र माझ्याइतकी वाईट कुणी नाही."

बिडवई मोकळेपणी हसले. "आमची पद्धत जरा उलटी आहे, पण हेतू तोच." त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "रोज सकाळी नऊला सगळे खाली जमतो. आकडा एकाने वाढवायचा, टाळ्या वाजवायच्या. तीनशे पासष्ट झाले की प्रत्येकाला सोन्याचं नाणं. अगदी झाडणाऱ्या मावशींनासुद्धा."

"आणि तक्रार आली तर?"

"बाहेरून आली काय नि आतून कुणी काढली काय, तक्रार ती तक्रार. ज्याच्याकडून येईल त्याने सगळ्यांसमोर आकडा शून्यावर आणायचा. जबाबदारीची जाणीव राहते." ते वळले. "काय लांडगे मॅडम, काही अडचण?"

"नाही सर," लांडगे मॅडम म्हणाल्या.

एक वाजायला आला होता. मावशी पाणी प्यायला गेली आणि बिडवईंना दलालांनी घेरलं. मला खरं तर तिथून निघायचं होतं. काही कळलंच नाही असं स्वतःला सांगून सुटता आलं असतं. पण पाय टेबलाकडेच गेले.

"तुम्ही मागची कळ दाबलीत," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तपासायची कळ असते ती. दाबली की वाजतो."

"आणि आपोआप?"

"विजेवर लगेच वाजतो साहेब. बॅटरीवर उशीर होतो. मिनिट, कधी दीड मिनिट."

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून." म्हणजे पाच महिने.

"दुरुस्त होणार नाही का?"

"होईल की. प्रोग्रामात थोडा बदल करायचाय. दोन दिवसांचं काम." त्यांनी पुन्हा पाटीकडे बघितलं. "गेल्या साली पॅकिंगच्या कदमांनी झाकणाची तक्रार काढली होती. एकशे नव्वद होते तेव्हा. सगळ्यांसमोर शिडीवर चढून शून्य लावायला लागलं त्यांना. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शेजारी कुणी डबा उघडेना. चांगला माणूस, महिन्याभरात सोडून गेला. साहेब, मला दोन पोरी आहेत. तुम्ही माझं नाव नाही ना सांगणार?"

मी नाही म्हणून मान हलवली. आजतागायत मी त्यांचं नाव कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय तेही खरं नाही.

गाडीत बसलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. मी चावी फिरवतोय तोच फोन वाजला. आमच्या फर्मचे मालक, देवस्थळी सर.

"काय, कसं काय आहे?"

"सर, तंत्रज्ञान जबरदस्त आहे. पण..."

"तेच तर म्हणतोय मी महिनाभर. ‘घ्या’ म्हणून लिही आणि पावणेदोनपर्यंत टेबलावर ठेव. लोक वाट बघतायत." फोन बंद.

मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. भोसरीच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती. बँक कोथरूडला. ऑफिस भांडारकर रस्त्याला. डोक्यात नुसता मिनिटांचा हिशेब चालला होता.

"बहात्तर," मावशी म्हणाली.

"काय?"

"बहात्तर सेकंद लागले. वीस म्हणाला होतास तू."

"मशीन आहे गं. मशीन सुधारता येतं."

"येतं की. मी कुठे नाही म्हणते? आमच्या वेळची मशिनं तर ठोकून चालू करायला लागायची." ती माझ्याकडे वळली. "पण मी घड्याळात बघत होते. ती बाई कुठे बघत होती, ते मला दिसलं नाही. तू बघत होतास. नळीकडे बघत होती का ती?"

मी गिअर बदलला. पुढचा ट्रक हलला नव्हता, तरीही.

"शिरीष, तिघींचं म्हातारपण आहे रे हे. माझं एकटीचं असतं तर तुझ्या नावानं डोळे मिटून दिलं असतं. तुला काय दिसलं ते सांग. तू सांगशील तसं करू."

लहानपणी ताप आला की ती अशीच कपाळावर हात ठेवून विचारायची, कुठे दुखतंय ते सांग. तेव्हाही मला खोटं बोलता यायचं नाही. मी सगळं सांगितलं. कळ, दिवाळी, कदम, शिडी, डबा.

"म्हणजे पाटीकडे बघत होती," मावशी म्हणाली. तिने पिशवीतून तिन्ही फॉर्म काढले, मधोमध घडी घातली आणि परत आत ठेवले. "मग नको."

मला इतकं हलकं वाटलं, की मागून हॉर्न वाजवणाऱ्यालासुद्धा मी हात केला.

"आता आधी तुझं ऑफिस," ती म्हणाली. "तिथे सांगायला हवं ना तुला?"

"हो, सांगतो की."

ती खाली गाडीतच बसली. पावणेदोनला मी देवस्थळी सरांच्या केबिनमध्ये होतो. आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी. सर प्रत्येक मीटिंगच्या शेवटी विचारायचे, "कुणाला काही म्हणायचंय?" आणि हे विचारताना ते खुर्चीतून उठत असायचे. उठता उठता कोट हातात घ्यायचे. माझ्या आधी साने नावाचा एक हुशार मुलगा होता. त्याने एकदा, सर उभे असताना, ‘मला म्हणायचंय’ असं म्हटलं होतं. त्यानंतर साने वर्षभर नोटांच्या प्रती पाकिटांत भरत होता.

"सर, बॅटरीवर अलार्म उशिरा वाजतो," मी म्हणालो.

"किती उशिरा?"

"मिनिटभर."

"दुरुस्त होणारं आहे की नाही?"

"आहे. पण तिथे कुणी सांगतच नाही सर. माणसं घाबरलेली..."

"दुरुस्त होणारं आहे म्हणतोस, मग झालं तर." सर उठायला लागले होते. "आपण शेअर विकत घेतोय, त्यांच्या मुलीला स्थळ बघत नाही आहोत. अजून काही म्हणायचंय?"

कोट त्यांच्या हातात होता. भिंतीवरच्या घड्याळात एक पन्नास. माझ्या नव्या फ्लॅटचे हप्ते नुकते सुरू झाले होते, एप्रिलात बढती होणार होती, आणि खाली मावशीचे फॉर्म पिशवीत सुखरूप होते. माझी माणसं वाचली होती. हे सगळं मी त्या एका क्षणात मोजलं, याची मला आज शरम वाटते.

"नाही सर," मी म्हणालो.

अगदी लांडगे मॅडमच्याच सुरात. मला ते तेव्हाच ऐकू आलं.

नोट बहुतेक आधीच लिहून तयार होती; दोनला दोन मिनिटं असताना ती गेली. ‘घ्या.’ खाली माझं नाव.

"सांगितलंस?" गाडीत बसल्याबरोबर मावशीने विचारलं.

"हो."

"बरं केलंस. चल, भूक लागली मला."

पुढची दीड वर्षं मी घाबरत काढली आणि घाबरायचं काही कारणच घडेना. स्रवंतीचा शेअर दुप्पट झाला, मग अडीचपट. मला बढती मिळाली. तिकडे मिरजेत तिघींनी पुरत होतं तेवढ्यात घर घेतलं, लहानसं, तळमजल्याचं. मार्था सिस्टर मला फोनवर म्हणायच्या, "तुझ्या मावशीनं नळी चिमटली आणि आमची एक खोली कमी झाली बघ!" मावशीही हसायची. मीही हसायचो. फोन ठेवल्यावर वाटायचं, दुरुस्त केलं असेल त्यांनी. नक्कीच केलं असेल.

केलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका जिल्हा रुग्णालयात दुपारी वीज गेली. एका बाळंतिणीच्या हातातली नळी तुंबली आणि पंप हिरवे आकडे दाखवत राहिला. तिथल्या नर्सने सहज हात लावून बघितला म्हणून बाई वाचली. चौकशी झाली, तेव्हा निघालं की कारखान्यातल्या बाराजणांना हे माहीत होतं. बारापैकी एकानेही बिडवईंना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पाटीवर किती आकडा होता देव जाणे. सोन्याची नाणी तर कधीच वाटून झाली होती. रुग्णालयांनी पंप परत पाठवले, सरकारी ऑर्डर गेली, शेअर रुपयाचा दहा पैसे झाला. दुरुस्तीला खरोखर दोनच दिवस लागले. पेपरात तसं छापून आलं होतं.

त्या आठवड्यात ऑफिसात एक बाई मला भेटायला आल्या. कानविंदे नाव, शाळेत ग्रंथपाल होत्या. आमच्या चारशे गिऱ्हाइकांपैकी एक. आरडाओरडा करतील म्हणून मी मनाची तयारी करून बसलो होतो. त्यांनी पर्समधून माझी नोट काढली. ग्रंथपालांच्या सवयीने तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. ‘कंपनीतील वातावरण अत्यंत शिस्तबद्ध. सलग २१२ दिवस एकही तक्रार नाही.’

ती ओळ मी लिहिली होती. दोन पानं भरायला दोन ओळी कमी पडत होत्या म्हणून.

"खाली तुमचं नाव आहे म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः जाऊन बघितलं होतंत ना?"

"हो."

"तेव्हा काही दिसलं नाही का तुम्हाला?"

हाच प्रश्न मला मावशीने विचारला होता आणि तिला मी खरं सांगितलं होतं. कानविंदे बाई उत्तराची वाट बघत थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी नोट नीट कव्हरात सरकवली, "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

शनिवारी मी मिरजेला गेलो. तिघी जेवून ओसरीवर बसल्या होत्या, मुमताज सिस्टर सुपारी कातरत होत्या. मला बघताच मार्था सिस्टर म्हणाल्या, "ये रे बाबा. पेपर वाचला आम्ही. आता हे घर मला महालाएवढं दिसायला लागलंय. तू त्या दिवशी खरं सांगितलंस म्हणून बरं."

"मावशीला सांगितलं," मी म्हणालो.

मावशीने मान वर केली.

"ऑफिसात नाही सांगितलं. ‘घ्या’ म्हणून लिहून दिलं. तुला खोटं सांगितलं मी."

सुपारी कातरायचा आवाज थांबला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर मी समजू शकलो असतो, पण तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"आम्ही तिघी वाचलो," ती म्हणाली. "किती जणांनी वाचलं होतं ते तुझं?"

"चारशे."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आली तेव्हा तिच्या हातात खाकी कव्हरची जाडजूड वही होती, कोपरे झिजलेली. निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या खणातून तिने ती घरी आणली होती. शेवटची काही पानं कोरी होती. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि वर पेन ठेवलं.

आज मी स्वतः छोटीशी सल्ला फर्म चालवतो. कंपनी बघायला गेलो की प्रयोगशाळा शेवटी बघतो. आधी जिथे माणसं डबा खातात तिथे जाऊन बसतो आणि शेवटची वाईट बातमी साहेबांना कुणी सांगितली, तो माणूस कुठे बसतो, एवढं विचारतो. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल तर परत येतो. काही चांगले शेअर हातचे गेले त्यापायी. आणि आमच्या ऑफिसात ‘कुणाला काही म्हणायचंय?’ हे मी बसूनच विचारतो.

पण त्या दुपारी मला हे काहीच सुचलं नव्हतं. मी फक्त रकाने भरत होतो. तारीख लिहिली. काय झालं, ते लिहिलं. कुणाला दिसलं, तिथे ‘मला’ असं लिहिलं. ‘काय केलं’ या रकान्यापाशी हात थांबला. शेवटी लिहिलं: ‘मावशीला सांगितलं. बाकीच्यांना नाही.’

मी वही तिच्याकडे सरकवली. मावशीने चष्मा लावून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चहा टाकायला आत गेली.